बायकांच्या बाजूची ओळ

“प्रभू, बिडीच्या पायी म्या माजे डोळे घालवले. मला माफी कर,” साहेबराव म्हणाला, आणि त्याच्याशेजारी टोपी मांडीवर ठेवून बसलेल्या आबाजी मुकादमानं मिटल्या डोळ्यांनी “आमेन” म्हटलं.

चुलीपुढं बसलेल्या कस्तुराबाईचा भाकरी थापणारा हात परातीतच थांबला. तिच्या पोरानं जन्मात बिडी ओढली नव्हती. बाप नुसता तंबाखू मळायला लागला तरी ज्याला ठसका लागायचा आणि जो तोंड वाकडं करून अंगणात जाऊन बसायचा, तो हा साहेबराव. आता तोच डोळ्यांवर फडकं बांधून, न केलेल्या पापासाठी देवापुढं नाक घासत होता. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला तेव्हा ती भानावर आली.

आबाजी उठला. त्यानं साहेबरावाच्या खांद्यावर हात ठेवला, कागदात बांधून आणलेला गूळ परातीशेजारी ठेवला, “सलाम, वहिनी,” म्हटलं आणि वाकून झोपडीबाहेर पडला. वाईट माणूस नव्हता तो. तीच तर सगळी पंचाईत होती. वाईट असता तर कस्तुराबाईनं त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता आणि मन मोकळं करून घेतलं असतं. पण साहेबराव दवाखान्यात होता तेव्हा रोज चालत जाऊन त्याच्या उशाशी बसणारा माणूस हाच होता, आणि बोलताना अजूनही तिच्या डोळ्याला डोळा न देणारा माणूसही हाच.

“तू कवा ओढली रं बिडी?” तो गेल्यावर तिनं पोराला विचारलं.

“ओढत आसन चोरून,” साहेबराव म्हणाला. “येवढी मानसं सांगत्यात, ती काय समदी खोटं सांगत्यात?”

“आन् म्या सांगते ते?”

“तू आई हायेस. तू आसंच सांगनार.”

आईपण आडवं येतं असं तिला आजवर वाटलं नव्हतं. करपलेली भाकरी तिनं स्वतःसाठी बाजूला काढली आणि दुसरा गोळा हातात घेतला.

घडलं होतं ते असं. मोशीजवळच्या त्या दगडाच्या खाणीत जेवणाच्या सुट्टीला सुरुंगाचे बार उडवत. मुकादम शिट्टी फुंकायचा, लाल फडकं हलवायचा, माणसं लांब पळून बसायची, आणि मग आबाजी बोटं दुमडत आवाज मोजायचा. दारूनं जेवढी भोकं भरली तेवढे आवाज आले पाहिजेत. त्या दिवशी एक आवाज कमी आला. असं झालं की त्या कपारीकडं उद्यापर्यंत कुणी फिरकायचं नाही, हा खाणीतला पहिला नियम, आणि तो आबाजीनंच सगळ्यांना शिकवलेला. पण तिकडं भोसरीला कारखान्यांच्या शेडी उभ्या राहत होत्या, इकडं रस्त्यावर खडीसाठी ट्रक खोळंबले होते, आणि खाणीचा मालक शेठ जीपमध्ये बसून सारखा घड्याळाकडं बघत होता. आबाजीनं एकदा जीपकडं पाहिलं आणि साहेबरावाला सांगितलं की दोन बार एकदम उडाले असतील, तू जा, कपार मोकळी कर. कस्तुराबाई शेजारच्याच ढिगावर खडी फोडत होती. तिनं ते स्वतःच्या कानानं ऐकलं. पोरगं पहार घेऊन गेलं, त्यानं फटीत पहार घातली, आणि राहिलेला बार तेव्हा उडाला.

चौकशीला सरकारी साहेब आले, तेव्हा आबाजी म्हणाला की पोराचं बिडीचं बंडल तिथं राहिलं होतं, सगळं मोकळं झाल्याची दुसरी शिट्टी व्हायच्या आधीच तो ते घ्यायला धावला, मी ओरडत होतो. बाकीची माणसं मूग गिळून उभी. कस्तुराबाई उठून बोलायला लागली तर शेठच्या कारकुनानं साहेबांच्या कानाला लागून सांगितलं की ही आई आहे, तिचं डोकं ठिकाणावर नाही. साहेबांना तिची दया आली. त्यांनी स्वतःच्या तांब्यातलं पाणी तिला दिलं, आणि ते पाणी पिईपर्यंत चौकशी संपलीसुद्धा.

साहेबरावाच्या डोक्याला मार बसला होता. त्याला त्या दिवशी सकाळी खाल्लेली चटणी-भाकरी आठवायची आणि त्यानंतर एकदम दवाखान्यातला फिनेलचा वास. मधली जागा रिकामीच होती. त्या रिकाम्या जागेत लोकांनी ती बिडी नेऊन ठेवली आणि ती तिथं रुजली.

भरपाईबिरपाईचा नाद कस्तुराबाईनं केव्हाच सोडला होता. जवान पोर आंधळं झालं हेसुद्धा तिनं कसंबसं गिळलं. गिळता येत नव्हतं ते हे, की पोरगं स्वतःला गुन्हेगार समजून बसलं होतं. दार उघडं असलं तरी बाहेर यायचं नाही. कुणी विचारपूस केली तर आपणच आपली बिडीची कहाणी सांगायची आणि वर म्हणायचं की केलं तसं भरलं. तिला आता एकच हवं होतं. कुणीतरी त्याला सांगावं की बाबा, तू आपणहून गेला नव्हतास. आणि कुणीतरी म्हणजे आबाजीनंच. दुसऱ्या कुणाच्या सांगण्याला त्याच्या लेखी किंमत नव्हती.

एकदा सकाळी पाण्याच्या टाकीवर तिनं आबाजीला गाठलंच. आजूबाजूला कुणी नाही असं बघून तिनं पदर कमरेला खोचला.

“भावजी, सायबाला सांगू नका. शेठलाबी नका सांगू. निस्तं माज्या पोराला सांगा.”

आबाजीनं नजर आपल्या वहाणांकडं वळवली. त्याचं वय एकदम दिसायला लागलं.

“आज त्येला सांगितलं तर उद्या त्यो कुनाला तरी सांगनार,” तो म्हणाला. “परवा शेठच्या कानावर जानार. माजी मुकादमी गेली तर जाऊं द्या, वहिनी. पर ह्या झोपड्या कुनाच्या जागंवर हायेत? ह्या समद्यांना घेऊन परत गावाकडं जाऊ का? काय हाय तितं?”

काही नव्हतं तिथं, हे तिलाही माहीत होतं. बाहत्तरच्या दुष्काळात नेवाशाकडच्या त्यांच्या गावात विहिरींनी तळ दाखवला तेव्हा सगळी ख्रिस्ती वस्ती सरकारी रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती. कस्तुराबाईचा नवरा त्याच कामावर तापानं गेला. मग काम बंद पडलं, आणि आबाजीनं कुठून कुठून चौकशी करून या दहा-बारा घरांना मोशीला आणलं, शेठच्या हातापाया पडून झोपड्यांना जागा मिळवली. ती चुलीपुढं बसायची ती जमीन आबाजीच्या शब्दावर तिच्या पायाखाली होती.

“देवाला समदं ठावं हाय, वहिनी,” आबाजी अगदी हळू म्हणाला.

“देवाला ठावं हाय, भावजी. पोराला न्हाई.”

आबाजीनं तिचा भरलेला हंडा उचलून स्वतःच्या खांद्यावर घेतला, तिच्या दारापर्यंत नेला, आणि आवाज न करता उंबऱ्याशी ठेवून निघून गेला. कस्तुराबाईला इतका संताप आला की तो हंडा लाथेनं उलटा करावा असं वाटलं. पण पाणी लागणारच होतं.

रविवारी भोसरीतल्या एका शाळेची खोली त्यांना भक्तीसाठी मिळायची. पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला, मधून पाळकसाहेबांना, म्हणजे पाद्रीबाबांना, जायला वाट. भक्तीत बायबलातलं दाविदाचं एखादं स्तोत्र आळीपाळीनं म्हणायची रीत होती. एक ओळ पुरुषांनी म्हणायची, पुढची बायकांनी, पुन्हा पुरुषांनी. पुरुषांच्या बाजूनं आबाजी पुढं असायचा. तो मिशनच्या शाळेत चार बुकं शिकलेला, आणि त्याचा आवाज खाणीत शिट्टीवाचून ऐकू जाईल असा. बायकांपैकी कुणाला अक्षरओळख नव्हती, पण कस्तुराबाईला स्तोत्रंच्या स्तोत्रं पाठ होती. तिच्या आईनं ती घरोघर बायबल वाचून दाखवणाऱ्या मिशनच्या बायबलबाईकडून ऐकून ऐकून घोटली होती आणि लेकीच्या गळ्यात उतरवली होती. कस्तुराबाई ओळीचा पहिला शब्द इतरांच्या किंचित आधी उचलायची आणि बाकीच्या बायका तिच्या आवाजाला धरून पुढं जायच्या. ह्या दोघांचं असं जमलेलं होतं की पाळकसाहेब गमतीनं म्हणायचे, तुम्ही दोघं असलात की मी नाही आलो तरी चालेल.

दुष्काळातही हे चालायचं. झाडाला पान नाही, आभाळात ढग नाही, आणि उन्हात खडी फोडणारी ही माणसं घणाच्या तालावर म्हणायची की देवाची माया आभाळाला भिडली आहे. एका बाजूनं आबाजी, दुसऱ्या बाजूनं कस्तुराबाई. रस्त्यानं जाणारे थांबून बघायचे.

ते स्तोत्र तिचं सर्वांत आवडतं. देवाची माया आभाळाएवढी, त्याचा न्याय डोंगरासारखा अढळ, असं पुरुषांनी म्हणायचं. त्याचा निवाडा डोहाच्या पाण्यासारखा खोल, आणि माणसाला काय न् जनावराला काय, राखणारा तोच, ही न्यायाच्या ओळीनंतरची बायकांची ओळ. ती म्हणताना तिला नेहमी वाटायचं की आपण काही मागत नाही आहोत, समोर दिसतंय तेच सांगतोय. आभाळ कुणालाही दिसतं. डोंगर कुणाच्या बापाला हलवता येत नाही.

मोशीला आल्यावर मात्र तिनं डोंगर हलताना पाहिला. पहिल्या वर्षी सूर्य टेकडीआडून उशिरा वर यायचा. आता टेकडी निम्मी उरली होती आणि पलीकडची चऱ्होलीकडची झाडं उघडी पडली होती. एकदा तिनं पाळकसाहेबांना विचारलंही होतं की न्याय डोंगरासारखा म्हणता, आणि डोंगर तर आम्ही रोज ट्रकात भरून कारखान्याला पाठवतो, मग कसं? ते हसले आणि म्हणाले, कस्तुराबाई, हा तो डोंगर नव्हे. तेव्हा तीही हसली होती. आता तो प्रश्न आठवला की तिला हसू येत नव्हतं.

हंगामाच्या सणाचा रविवार जवळ आला. गावाकडं या सणाला पहिली कणसं, पहिल्या शेंगा देवापुढं ठेवायच्या. खाणीतल्या माणसांची कसली कणसं? कुणी झोपडीवर चढलेल्या वेलाचा भोपळा आणायचं, कुणी अंडी. शेजारच्या अंबुबाईनं एक कोंबडी राखून ठेवली होती. तिनंच बातमी आणली की पाळकसाहेबांनी सणाला आभाळा-डोंगराचं स्तोत्र नेमलंय.

कस्तुराबाई तेव्हा खडी फोडत होती. तिचा हात चालूच राहिला, पण मनानं ठरवलं. पुरुषांची ओळ होईल. आबाजी आपल्या तोंडानं न्यायाचं नाव घेईल. त्यानंतर आपण बोलायचं नाही. आपण नाही बोललो तर एकही बाई बोलणार नाही. सगळी मंडळी थांबेल, आणि त्या शांततेत मोठ्यानं म्हणायचं, भावजी, आधी माझ्या पोराला खरं सांगा, मग पुढची ओळ. साहेबापुढं खोटं बोलता येतं. अर्ध्या म्हटलेल्या स्तोत्रापुढं उभं राहून आबाजी खोटं बोलणार नाही, एवढी त्याची तिला खात्री होती. झोपड्यांचं काय होईल ते होवो. अंबुबाईला ती यातलं काही बोलली नाही. तिच्याकडं बघितलं तरी निश्चय डळमळेल असं तिला वाटलं.

रविवारी तिनं साहेबरावाला आंघोळ घातली, बापाचा पांढरा सदरा चढवला. तो येईना. लोक काय म्हणतील, म्हणाला. तिनं त्याचं मनगट धरलं ते सोडलंच नाही. चाकण रस्त्याच्या कडेकडेनं, ट्रकांची धूळ खात, मायलेक भोसरीला पोचले. खोलीत शिरताच कुजबुज थांबली. कस्तुराबाईनं पोराला पुरुषांच्या बाजूला, पहिल्या रांगेत, बरोब्बर आबाजीशेजारी नेऊन बसवलं. आबाजी दचकला, सरकून जागा केली, आणि सवयीनं त्याचा हात साहेबरावाच्या खांद्यावर गेला.

भोपळे, अंडी, पाय बांधलेली कोंबडी, सगळं टेबलापुढं मांडलं होतं. गीत झालं, प्रार्थना झाली. पाळकसाहेबांनी स्तोत्र सांगितलं आणि मंडळी उभी राहिली. आबाजीनं सुरुवात केली. मायेची ओळ झाली, तिला जोडून बायकांची झाली, कस्तुराबाईनं ती नेहमीसारखी उचलली. मग आबाजीनं न्यायाची ओळ घेतली. डोंगर हा शब्द त्याच्या तोंडून जरा घोगरा निघाला.

कस्तुराबाई गप्प राहिली.

बायका वाट बघत राहिल्या. मग एकमेकींकडं बघायला लागल्या. पाळकसाहेबांनी पुस्तकातून डोकं वर काढलं. बांधलेली कोंबडी तेवढी फडफडली. आबाजीचं बोट ओळीवर होतं, पण नजर वर आली आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यानं कस्तुराबाईकडं सरळ पाहिलं. त्याला कळलं होतं. ती काय मागतेय हे त्याला पुरतं कळलं होतं, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. त्याचे ओठ हलले. एक शब्द अगदी तोंडाशी आलाय, हे तिला दिसलं. आपल्याला विचारावंही लागणार नाही, तो आपणहून सांगणार, असं तिला वाटलं.

आणि तेवढ्यात बायकांची ओळ कुणीतरी म्हटली. पुरुषांच्या बाजूनं, जाड्या, खोलीत बराच काळ न वापरलेल्या आवाजात. निवाडा डोहाच्या पाण्यासारखा खोल, आणि माणसाला काय न् जनावराला काय, राखणारा तोच. साहेबराव मान वर करून म्हणत होता, आईच्याच चालीत, आई जिथं थांबून श्वास घेते तिथंच थांबून. लहानपणापासून तिच्या पाठीवर, तिच्या ढिगाशेजारी बसून ऐकलेलं सगळं त्याला पाठ होतं.

बायकांचा जीव भांड्यात पडला. ओळीच्या दुसऱ्या अर्ध्या भागाला त्या त्याच्या आवाजामागे लागल्या. आबाजीनं डोळे मिटले, एक लांब श्वास सोडला, आणि बोट पुढच्या ओळीवर सरकवलं. स्तोत्र चालू झालं. एकीकडून आबाजी, दुसरीकडून साहेबराव, खांद्यावर हात तसाच, आणि कस्तुराबाई त्या सगळ्यांमध्ये तोंड मिटून उभी. आता ओरडून काय सांगणार होती ती? पोराला गप्प बस म्हणणार होती? इतक्या दिवसांनी त्याच्या तोंडून आवाज निघाला होता. तिला रडूही येईना. स्तोत्र शेवटच्या आमेनपर्यंत गेलं.

भक्तीनंतर सगळे साहेबरावाभोवती जमले. पाळकसाहेबांनी त्याची पाठ थोपटली. आबाजी मात्र टोपी हातात घेऊन केव्हाच बाहेर पडला होता.

परतीच्या वाटेवर साहेबराव तिच्यापुढं अर्धं पाऊल चालत होता. दवाखान्यातून आल्यापासून तो खाली मान घालूनच चालायचा. आज त्याची हनुवटी वर होती.

“आये, इसरली व्हतीस ना?”

ती चालत राहिली.

“तुजा आवाज येईना. म्हनलं, आता समद्यांत आईची लाज जाती. म्हनून म्या बोललो.” तो हसला. ते हसू बघायला ती इतके दिवस तरसली होती. “आबाकाका लई देवमानूस हाय, आये. त्येनं माज्या खांद्यावरचा हात शेवटपर्यंत काढला न्हाई. थरथरत व्हता त्येचा हात. माज्यासाटी रडत व्हता बहुतेक.”

कस्तुराबाई थांबली. सांगायचं तर आत्ताच होतं. पण सांगायचं म्हणजे हेही सांगावं लागणार होतं की सत्य अगदी ओठांवर आलं होतं, आणि ते आत ढकललं ते तूच. चूक कुणाची, हे ओझं पोराच्या डोक्यावरून उतरवायला ती निघाली होती. आता त्यावर आणखी एक ओझं ठेवायचं? तो तिच्याकडं तोंड करून उत्तराची वाट बघत उभा होता, आईला सांभाळून घेतल्याचा सगळा आनंद चेहऱ्यावर घेऊन.

“व्हय रं,” ती म्हणाली. “इसरलेच म्या.”

“हुईल आसं वयामुळं,” साहेबराव समजुतीनं म्हणाला. “पुडच्या रईवारी म्या हाये की.”

ती बरं म्हणाली, आणि मागून ट्रक येत होता म्हणून त्याला हाताला धरून रस्त्याच्या कडेला घेतलं.